तारकाचिन्हाची गोष्ट : मार्कडाउनचा इतिहास

१/१० व्हॉट्सॲपवर एखाद्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारकाचिन्ह दिले, म्हणजे *असे* लिहिले, की तो शब्द ठळक होतो. हे आपल्याला कोणी शिकवले नाही. इतरांचे पाहून हाताला सवय लागली. या सवयीमागे साठ वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/१० ‘मार्कअप’ हा शब्द मूळचा छापखान्यातला. हस्तलिखित खिळे जुळाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी त्यावर खुणा केल्या जात : हे शीर्षक मोठ्या टाइपात, ही ओळ तिरपी. खुणा हस्तलिखितावर राहत. छापील पुस्तकात उतरत नसत. मजकूर वाचकासाठी आणि खूण कारागिरासाठी, अशी ती विभागणी होती.

३/१० संगणक आला आणि कारागिराच्या जागी यंत्र बसले. १९६४ मध्ये एमआयटीत जेरोम सॉल्ट्झर यांनी ‘रनऑफ’ हा प्रोग्रॅम लिहिला. त्यात टिंबाने सुरू होणारी ओळ म्हणजे यंत्राला दिलेली आज्ञा असे. पुढे १९६९ मध्ये आयबीएमचे गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी यांनी वेगळा विचार मांडला. मजकूर कसा दिसावा हे सांगू नये. तो शीर्षक आहे की परिच्छेद, एवढेच नोंदवावे. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे घेऊन ही पद्धत ‘जीएमएल’ म्हणून ओळखली गेली.

४/१० याच परंपरेतून सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांची ‘एचटीएमएल’ जन्मली आणि १९९१ पासून वेबसोबत जगभर गेली. मात्र तिच्यात साध्या यादीच्या प्रत्येक ओळीलाही कोनी कंसांतील खुणा लागत. यंत्राला ते सोयीचे होते. लिहिणाऱ्याला स्वतःचेच वाक्य त्या गर्दीत शोधावे लागे.

५/१० दरम्यान ईमेल लिहिणाऱ्यांची एक रीत आपोआप रुळली होती. पडद्यावर ठळक वा तिरपे अक्षर उमटत नसे. म्हणून जोर द्यायच्या शब्दाभोवती तारका, यादीसाठी ओळीच्या आरंभी आडवी रेघ आणि दुसऱ्याचे म्हणणे उद्धृत करताना ओळीआधी कोनी चिन्ह. हे नियम कोणत्याही समितीने केले नव्हते.

६/१० या रितीला व्यवस्थित रूप देण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. १९९२ मध्ये ‘टिडबिट्स’ या इलेक्ट्रॉनिक साप्ताहिकाने इयन फेल्डमन यांची ‘सेटेक्स्ट’ पद्धत स्वीकारली. तीत शीर्षकाखाली बरोबरच्या चिन्हांची रांग असे. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिले विकी सुरू केले आणि त्यासाठीही सोप्या खुणा ठरवल्या. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचे लेखही अशाच खुणांनी घडले : दुव्यासाठी दुहेरी चौकोनी कंस, शीर्षकासाठी बरोबरची चिन्हे.

७/१० मार्च २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी ‘मार्कडाउन’ जाहीर केले. आधीच्या पद्धतींचे ऋण त्यांनी नावानिशी मान्य केले. सर्वांत मोठी प्रेरणा मात्र साध्या ईमेलचीच, असे सांगितले. त्यांचा आग्रह एकच होता : रूपांतर न करताही मजकूर जसाच्या तसा सुखाने वाचता आला पाहिजे. तो एचटीएमएलमध्ये बदलण्याचे काम पर्ल भाषेतील एक छोटा प्रोग्रॅम करी.

८/१० या रचनेवर ग्रुबर यांच्याशी सविस्तर चर्चा करणारा ॲरन स्वार्ट्झ तेव्हा अवघा १७ वर्षांचा होता. शीर्षकासाठी ओळीआधी हॅश देण्याची पद्धत त्याच्या ‘एटीएक्स’ या आधीच्या प्रयोगातून आली. ज्ञान सर्वांना खुले असावे, यासाठी तो पुढे झटला. संशोधन-निबंध मोठ्या संख्येने उतरवून घेतल्याबद्दल त्याच्यावर अमेरिकेत खटला भरला गेला. तो प्रलंबित असतानाच, जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

९/१० सोपेपणाची किंमतही मोजावी लागली. मूळ वर्णनात काही गोष्टी संदिग्ध होत्या. एकच मजकूर वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये वेगळा दिसे. २०१४ मध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवूड आदींनी काटेकोर नियमावली तयार केली. तिचे ‘स्टँडर्ड मार्कडाउन’ हे नाव ग्रुबर यांच्या आक्षेपानंतर बदलून ‘कॉमनमार्क’ झाले. तरीही बोली उरल्याच : व्हॉट्सॲपवर एक तारका अक्षर ठळक करते, मूळ मार्कडाउनमध्ये तिरपे.

१०/१० इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात रस का असावा? युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर आज उघडून पाहा. तो फॉन्ट नसेल, तर समोर केवळ निरर्थक चिन्हे येतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे लेखन, पण वाचण्यासाठी मोडीपेक्षाही अवघड! युनिकोडमध्ये, साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुराचे तसे होत नाही. उद्या मार्कडाउन समजणारा एकही प्रोग्रॅम उरला नाही, तरी शब्द वाचता येतील आणि लेखकाने जोर कुठे दिला होता, हेही कळेल. आपल्या नोंदी, टिपणे, प्रबंधाचे मसुदे कोणत्या रूपात जपायचे, हे ठरवताना एवढे ध्यानात ठेवावे.