रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

फाल्गुनाच्या सुरुवातीला आम्ही शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यात गेलो होतो. साग निष्पर्ण झाले होते. पळस आणि काटेसावर मात्र फुलांनी लाल झाले होते. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. त्या तलावाभोवतीच्या या रानात आम्ही रानपिंगळा शोधत होतो.

हा घुबडाच्या कुळातला लहानसा पक्षी. गावाजवळच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. याचे डोके जवळजवळ एकरंगी असते. शिवाय हा दिवसाउजेडी शिकार करतो. असा पक्षी तब्बल ११३ वर्षे शास्त्रज्ञांच्या नजरेआड कसा राहिला?

त्याचा पहिला नमुना १८७२ साली ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमध्ये मिळवला. पुढच्याच वर्षी ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नंतर जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी सापडेना. अपवाद एकच. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर गुजरातमधील मांडवी हे ठिकाण आणि १९१४ हे साल होते. या नोंदीवर विसंबून पुढे शोध घेतला गेला. तो व्यर्थ ठरला.

पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. क्ष-किरण छायाचित्रे घेतली, आत भरलेला कापूस पाहिला, शिवण पाहिली. पक्ष्यात पुन्हा भरण केलेले होते; पण मूळची धाटणी डेव्हिडसन यांची होती. म्हणजे संग्रहालयातून त्यांचाच नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती! खोटी नोंद बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी खानदेशात शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. पुढे २०१४ मध्ये तो तानशाच्या रानातही आढळला, मुंबईपासून इतक्या जवळ!

नमुन्याला लावलेली चिठ्ठी दिसायला क्षुल्लक. पण पक्षी कोठे, केव्हा मिळाला हे तीच सांगते. ती खोटी असेल तर नमुना असूनही ज्ञान नाही, उलट दिशाभूल. डेव्हिडसन यांच्या प्रामाणिक नोंदी मात्र शंभराहून अधिक वर्षांनी उपयोगी पडल्या.

शहापूर-मुरबाडच्या अनेक शाळांना रान जवळ आहे. मुलांना वही द्यावी; तारीख, ठिकाण, वेळ आणि जे दिसले तेवढेच लिहायला सांगावे. नीट ओळखू आले नाही, तर तसेही लिहावे. त्या दिवशी दुपारपर्यंत भटकून आम्ही वहीत लिहिले : तानसा, सागाचे रान, सकाळी ७ ते १२, पळस फुललेला, रानपिंगळा दिसला नाही.

हीही नोंदच आहे.