रावबहादूर एन. शिवराज : महापौरपद एका वर्षाचे, चळवळ आयुष्यभराची

रिपब्लिकन पक्षाचे पहिले अध्यक्ष कोण, असे विचारले तर अनेक कार्यकर्ते दादासाहेब गायकवाडांचे नाव घेतात. प्रत्यक्षात ते होते मद्रासचे माजी महापौर रावबहादूर एन. शिवराज.

शिवराज यांचा जन्म २९ सप्टेंबर १८९२ रोजी कडप्पा येथे झाला. पेशाने वकील असलेल्या शिवराज यांनी मद्रासच्या लॉ कॉलेजात अध्यापनही केले. १९२६ मध्ये ते मद्रास विधान परिषदेवर आणि १९३७ मध्ये केंद्रीय विधिमंडळात गेले. त्यांच्या पत्नी मीनांबाळ शिवराज याही दक्षिणेतील दलित चळवळीच्या आघाडीच्या नेत्या होत्या.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि अध्यक्षपद शिवराज यांच्याकडे आले. बाबासाहेबांना देशव्यापी संघटना उभी करायची होती, हे या निवडीतून दिसते.

१९४५ मध्ये ते मद्रासचे महापौर झाले. मात्र हे पद एका वर्षाचे, नगरसेवकांनी निवडून देण्याचे. प्रशासनाची सूत्रे आयुक्तांकडे. त्याच कार्यकाळात, १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत, फेडरेशनला देशभरात अगदी मोजक्या जागा मिळाल्या. पुणे करारानंतरच्या संयुक्त मतदारसंघांत राखीव जागेचा अंतिम निकाल सवर्ण मतांवर ठरत होता. शहराचे प्रथम नागरिकपद आपल्या माणसाकडे, पण आपले प्रतिनिधी आपण निवडू शकत नाही, अशी ती अवस्था होती.

पद गेल्यावर शिवराज चळवळीतून बाजूला झाले नाहीत. १९५७ मध्ये ते चेंगलपट्टूतून लोकसभेवर गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, तेव्हा बाबासाहेबांच्या पश्चात अध्यक्षपदाची जबाबदारी त्यांच्यावर आली. लवकरच पक्षात फूट पडली, तरी ते गायकवाडांसोबत राहिले. २९ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला पक्षाचा देशव्यापी भूमिहीन सत्याग्रह सुरू झाला.

आज आरक्षणाच्या सोडतीत महापौरपद किंवा नगराध्यक्षपद आपल्या वाट्याला आले की वस्तीत फलक लागतात. आनंद जरूर करावा. पण त्या खुर्चीमागे स्वतःची संघटना आहे का, हेही तरुणांनी विचारायला हवे. शिवराज यांच्यामागे ती होती, म्हणूनच महापौरपद संपल्यावरही त्यांचे राजकारण संपले नाही.