लघुचित्रांचा कुंचला आणि त्याची निगा

आपले पिंपळगाव राजा ज्या वऱ्हाडात वसले आहे, तो प्रांत १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीत सामील झाला. याच दरबारी, तालिकोटच्या १५६५ च्या लढाईनंतर, आफताबी कवीचे ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे फारसी काव्य लघुचित्रांनी सजले. ती पोथी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.

हिंदुस्थानी लघुचित्रकारांचा नाजूक कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा, पिसाच्या पोकळ नळीत बसविलेला असे. हे केस मुळातच निमुळते. कात्रीने तसे टोक साधत नाही. सबब बिघडण्याआधीच जपणे आले. रंग डिंकात कालवलेला. तो केसांच्या बुडाशी वाळला की केस फाकतात आणि एका रेघेच्या दोन होतात! म्हणून काम थांबताच कुंचला थंड पाण्यात हलकेच खळबळावा. घासू नये, टोकावर उभा ठेवू नये. बोटांनी टोक जुळवून आडवा वाळवावा. ओठांनी टोक जुळविणे मात्र घातक, कारण पिवळ्या हरताळात सोमल असतो. ओला कुंचला डबीत कोंडल्यास बुरशी धरते.

आज विद्यार्थ्यांच्या हाती नायलॉनचे कुंचले असतात. पण जलरंगांतही बहुधा डिंकच असतो, तेव्हा धुण्याची रीत तीच.