मडगार्डखालचा चिखल

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन करू पाहणारे कारागीर आरंभीच चाकांवरच्या मडगार्डच्या पोकळीत साचलेला चिखल खरवडून काढतात. तो ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजवतो. १९४९ ते १९५१ या काळातल्या मर्क्युरी मोटारी आज संग्राहकांच्या विशेष आवडीच्या. त्यांचीही सफाई अशीच होते. मात्र १९५१ च्या एका मर्क्युरीचा चिखल खरवडला तो अमेरिकेच्या एफबीआयने, आणि तो थेट न्यायालयात पोहोचला.

९ फेब्रुवारी १९६०. कोलोरॅडो राज्यातील मॉरिसन गावाजवळ, टर्की क्रीकच्या पुलावर एक मोटार बेवारस आढळली. इंजिन चालू, रेडिओ चालू, पुलावर रक्त. चालक होता बिअर उत्पादक घराण्यातला अॅडॉल्फ कूर्स तिसरा. पाठोपाठ त्याच्या पत्नीला पाच लाख डॉलरची खंडणी मागणारे टंकलिखित पत्र आले.

त्या परिसरात एक पिवळी मर्क्युरी घुटमळताना लोकांनी पाहिली होती. आठच दिवसांनी, अडीच हजारांहून अधिक किलोमीटर दूर, न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीच्या कचराडेपोत एक मर्क्युरी जळालेल्या अवस्थेत सापडली. तिच्या क्रमांकावरून मालकाचे नाव निघाले वॉल्टर ऑसबोर्न. हे नाव खोटे होते. खरा माणूस जोसेफ कॉर्बेट, कॅलिफोर्नियाच्या तुरुंगातून पळालेला खुनी.

गाडी त्याची, हे ठरले. पण ती त्या डोंगरांत फिरली होती काय? आगीने आतले सारे खाक केले होते. मडगार्डखालचा चिखल मात्र शाबूत होता, आणि तो थरांनी बसला होता. नवा चिखल जुन्यावर चढत जातो, म्हणून सर्वांत आतला थर सर्वांत जुना. खडकांच्या थरांनाही भूवैज्ञानिक हाच नियम लावतात. (डायनासोरांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘मॉरिसन’ खडकथराला याच मॉरिसन गावाचे नाव आहे!)

तपासनिसांनी कोलोरॅडोतून मातीचे शेकडो नमुने गोळा केले. मर्क्युरीच्या चिखलात चार थर निघाले. सर्वांत बाहेरचा न्यू जर्सीच्या मातीशी जुळला. आतले तीन रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील रांगेतल्या मातीशी. कूर्सचे अवशेष सप्टेंबरमध्ये याच डोंगराळ प्रदेशात मिळाले. ऑक्टोबरच्या अखेरीस कॉर्बेट कॅनडातील व्हँकूव्हर येथे पकडला गेला.

१९६१ च्या खटल्यात खुनाचा प्रत्यक्ष साक्षीदार एकही नव्हता. सारी भिस्त परिस्थितिजन्य पुराव्यावर होती. एकट्या चिखलाने कॉर्बेटला दोषी ठरवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मोटार कुठे गेली होती एवढेच माती सांगू शकते. ती कोण चालवत होते, हे नाही. ती उणीव इतर पुराव्यांनी भरून काढली. कॉर्बेटला जन्मठेप झाली. खटल्यात त्याने साक्ष दिली नव्हती, पुढेही गुन्हा कबूल केला नाही, आणि १९८० मध्ये तो पॅरोलवर बाहेर आला.