नऊ हजार ओव्या, सात दिवस

डिसेंबर संपत आला की फोनवर आकडे दिसायला लागतात. कुणी २४ पुस्तकं ठरवतं, कुणी ५२. गुडरीड्सने वार्षिक वाचनाचं चॅलेंज २०११ मध्ये सुरू केलं, त्यामुळे ही सवय आपल्याकडे ॲपमधूनच आली असं वाटतं. माझं गाव कळमनुरी. आमच्या भागात वाचनाचं टार्गेट कित्येक पिढ्या चालत आलंय. त्याला नेम म्हणतात, आणि त्यात पुस्तकं मोजत नाहीत.

गावात सप्ताह बसला की ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. साधारण नऊ हजार ओव्या आणि सात दिवस, म्हणजे रोज तेराशेच्या आसपास. नुसते अध्याय मोजून हा हिशोब जमत नाही. पाचव्या अध्यायात दोनशेसुद्धा ओव्या नाहीत, अठराव्यात अठराशेच्या वर आहेत. (आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. तिकिटं मोजायची आणि काम किती ते बघायचंच नाही, असा प्रकार होतो.) वर्षाला ५२ पुस्तकं ठरवणारा माणूस नोव्हेंबरमध्ये बारीक पुस्तकं का शोधायला लागतो, त्याचंही उत्तर यातच आहे.

पारायणात वेग एकट्याचा नसतो. व्यासपीठ चालक ओवी म्हणत जातो आणि पारायणाला बसलेले सगळे त्याच्यासोबत म्हणतात. कुणी अडखळला तर ती ओवी सोडून पुढची पकडतो. मागे राहिला म्हणून कुणी उठून जात नाही.

मुळात हा ग्रंथच ऐकवलेला आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी नेवाशाला तो सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतला, असं परंपरा मानते. पुढे तीनशे वर्षं नकला होत गेल्या आणि पाठात चुका शिरल्या. आमच्याच मराठवाड्यातल्या पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. एका सुरात वाचायचं तर सगळ्यांच्या हातातली ओवी एकच हवी. त्यामुळे मला हे काम पांडित्याइतकंच वाचकांच्या सोयीचं वाटतं.

कळमनुरीहून नांदेड रस्त्याने तासा-दीड तासावर. तिथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गुरुगादी ग्रंथाकडे सोपवली. गुरू ग्रंथसाहिबची पानं १४३०, आणि त्यांना पान नाही, अंग म्हणतात. अखंड पाठात ती साधारण ४८ तासांत, मध्ये न थांबता वाचतात. तासाला तीस अंगं. एकट्याच्या आवाक्यातलं हे काम नाही, म्हणून पाठी आळीपाळीने बसतात. एक उठायच्या आत दुसरा तीच ओळ धरतो. याच ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि ज्या नर्सीला नामदेवांचं जन्मगाव मानतात ती आमच्याच जिल्ह्यात आहे.

कुराणाचे पारे तीस. रमजानच्या तरावीहमध्ये महिनाभरात पूर्ण कुराण ऐकायची रीत आहे. रोज एक पारा धरला तर हिशोब सरळ बसतो. शिवाय त्याच कुराणाचे सात मंझिलही पाडलेले आहेत, ज्याला आठवड्यात संपवायचं त्याच्यासाठी. दोन वेगळ्या परंपरा, दोन वेगळे ग्रंथ, आणि वाटणी दोन्हीकडे सात दिवसांची! एकमेकांचं बघून कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. माणसाचा दम साधारण तेवढाच असावा.

या सगळ्यात ऐकणाराही मोजला जातो, आणि आमच्याकडे त्याचं मोल मोठं होतं. कळमनुरी सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. सरकारी कारभार उर्दूत, १९१८ ला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. ज्याला कुठलीच अक्षरं येत नव्हती त्याच्यापर्यंत मोठा मराठी ग्रंथ पोचायचा तो कानाने. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना ओव्या पाठ असतात, त्या अशाच.

उगाच गोडवे गायचे नाहीत. नेमात घाईने पुटपुटणं भरपूर असतं आणि अर्थ बाजूला राहतो. कुणी काय वाचायचं यावर बंधनं होती. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये, हा दंडक कित्येक घरांत पाळला गेला. शिवाय तेच ते पुस्तक दरवर्षी. नवं काही हाती लागायचं तर ग्रंथालयच हवं. हे ॲपवाल्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे, कारण त्यांच्यामुळे माझ्या वयाची पोरं निदान चार नवी नावं तरी ऐकतात.

यंदा मी ५२ च्या भानगडीत पडलेलो नाही. दासबोध घेतलाय. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, एकूण दोनशे. १ जानेवारीपासून रोज एक वाचला तर १९ जुलैला संपतो. आम्ही चौघे आहोत, रात्री दहाला कॉलवर येतो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. चौथा त्या वेळी कंपनीच्या कॅबमध्ये असतो आणि त्याच्या हातात पुस्तक नसतं. त्याचाही समास धरायचा असं ठरलंय.