‘विद्यार्थ्यांची’ गिटार : फेंडर मस्टँगचा इतिहास #थ्रेड

१/ इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात १९५४ची स्ट्रॅटोकास्टर मानाचे पान घेते. आज तिच्या धाकट्या बहिणीविषयी : १९६४ची मस्टँग.

२/ फेंडर कंपनीने १९५६ साली म्युझिकमास्टर व ड्युओ-सॉनिक या गिटारी नवशिक्यांसाठी आणल्या. स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची कंप पावणारी लांबी २५.५ इंच, यांची २२.५. मस्टँग याच घराण्यातली. तिची प्रचलित लांबी २४ इंच.

३/ दीड इंचाने काय साधते? पडदे जवळ येतात. तार आणि स्वर तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. येथे सुमारे ११ टक्के. तार खेचून स्वर चढवणे सोपे होते.

४/ पण तिला केवळ ‘सोपी’ म्हणणे अन्यायाचे. दोन पिकअप, प्रत्येकाला सरकती कळ : चालू, बंद, उलट फेज. शिवाय स्वर हेलकावणारी दांडी. लहान देहात आवाजाच्या अनेक छटा!

५/ १९८२मध्ये उत्पादन थांबले. पुढे १९९१ साली निर्वाना बँडच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’च्या व्हिडिओत कर्ट कोबेनच्या हाती निळी मस्टँग दिसली. जगप्रसिद्ध झाल्यावर, कोणतीही गिटार परवडत असतानाही, त्याने मस्टँग वाजवणे सोडले नाही.

६/ शिकून झाले की वादक मोठ्या गिटारकडे वळेल, हे ‘विद्यार्थी’ या शिक्क्यात गृहीत होते. कोबेनने मात्र मस्टँग सोडली नाही. म्हणून वस्तूचा इतिहास अभ्यासताना निर्मात्याच्या जाहिरातीवर थांबू नये. ती कोणी, कशी वापरली हेही पाहावे. मधल्या टप्प्यावरच्या वादकांनो, तुमची छोटी गिटार विकण्यापूर्वी हा थ्रेड आठवा.