मीटर थांबला तेव्हा

सबाह अल-सालेममध्ये जमियातून पिशव्या घेऊन निघालो की आपण टॅक्सीला हात करतो. त्या टॅक्सीवाल्यांचं 2020 साल आज आठवू या.

कुवेतमध्ये 13 मार्चला प्रवासी विमानं थांबली, 22 मार्चपासून रात्रीची संचारबंदी आली आणि 10 ते 30 मे पूर्ण संचारबंदी होती. टॅक्सी परत सुरू झाली ती जुलैच्या अखेरीस, तीही एकाच प्रवाशाला घेऊन. इथे बऱ्याच चालकांची गाडी स्वतःची नसते. कंपनीला रोजचं भाडं द्यायचं, उरेल ती कमाई. प्रवासीच नसेल तर उरणार काय?

तिकडे मुंबईत 25 मार्चपासून काळी-पिवळी उभी राहिली. मे महिन्यात कित्येक चालक आपली टॅक्सी किंवा रिक्षा घेऊनच नाशिक महामार्गाने उत्तर प्रदेशातल्या गावी निघाले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलू दिले, पण व्याज चढतच होतं. शिवाय दुसऱ्याची टॅक्सी पाळीने चालवणाऱ्याच्या नावावर कर्जही नव्हतं, परवानाही नव्हता. त्याला या सवलतीचा काय उपयोग?

मदत झाली, पण कागद पाहून. दिल्ली सरकारने बिल्लाधारक चालकांना 5000 रुपये दिले. महाराष्ट्राने एप्रिल 2021 मध्ये परवानाधारक रिक्षाचालकांना 1500 रुपये जाहीर केले. त्या यादीत टॅक्सीवाले नव्हते. त्याआधी 1 मार्चला मुंबईच्या टॅक्सीचं किमान भाडं 22 वरून 25 रुपये झालं होतं. पण भाडं वाढलं म्हणून घरी बसलेला प्रवासी थोडाच बाहेर येतो?

सिंगापूरमध्येही टॅक्सी कंपनीची आणि चालक भाडेकरू. तिथे फेब्रुवारी 2020 मध्येच दर गाडीमागे दिवसाला 20 डॉलरपर्यंत मदत तीन महिन्यांसाठी जाहीर झाली, आणि ती गाडी भाड्याने चालवणाऱ्यांसाठी होती.

फरक इथेच आहे. गाडी कोणाच्या नावावर, हे पाहून दिलेली मदत मालकापाशी थांबते. आज स्टिअरिंगवर कोण बसलंय, हे विचारलं तरच ती चालकाच्या घरातल्या चुलीपर्यंत जाते. पुढचं संकट आलं, तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.